विमानाला खालून इशारा

जालना जिल्ह्यात जन्मलेल्या माणसांपैकी जमिनीपासून सर्वांत जास्त काळ वर राहिलेला माणूस कोण, असं कुणी मला विचारलं, तर मी जराही न अडखळता माझ्या थोरल्या साडूंकडे बोट दाखवीन. एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये त्यांनी एकतीस वर्षं क्रेन चालवली. शेडच्या छताखाली रुळांवरून या टोकापासून त्या टोकाला फिरणारी क्रेन, तिला लटकलेली पत्र्याची केबिन आणि केबिनीत आमचे साडूभाऊ. सकाळी शिडी चढले की संध्याकाळीच उतरायचे. चहासुद्धा दोरीला बांधलेल्या किटलीतून वर जायचा. खाली लालभडक लोखंड आणि वर हे. इतकी वर्षं जगाकडे वरूनच पाहिल्यामुळे ते माणसं चेहऱ्यावरून ओळखत नाहीत, टाळूवरून ओळखतात. माझ्या लग्नात मी त्यांच्या पाया पडायला वाकलो, तेव्हा कुठे त्यांनी मला नीट पाहिलं आणि भर मांडवात खणखणीत आवाजात सांगितलं, "हां, आता ध्यानात राहतान तुम्ही. दोन भोवरे हायेत!" दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, हा समज आमच्याकडे पक्का. सासूबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला तो पुढची दोन वर्षं परत आला नाही.

आवाज खणखणीत असण्याचं कारणही मिलच. तिथल्या धडधडाटात माणसाचं स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार हातांवर चालतो. खालच्या माणसाने हात वर करून बोट गोल फिरवलं की माल उचलायचा, हात खाली सोडून बोट फिरवलं की उतरवायचा, तळवा आडवा धरला की जिथल्या तिथे थांबायचं. खालून इशारा आल्याशिवाय आपण एकतीस वर्षांत एक सळईसुद्धा हलवली नाही, हा साडूभाऊंचा सगळ्यात मोठा अभिमान. सवय इतकी अंगात मुरलेली, की पंगतीत भात पुरे म्हणायचं तर ते बोलत नाहीत, पानावर तळवा आडवा धरतात. नवखा वाढपी असला तर तो आशीर्वाद समजून पाया पडतो. आक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती आणि माझ्या आकडसासू, मूळच्या धावड्याच्या. त्यांनी संसार कसा केला असं विचारलं तर म्हणतात, "काय करता, बोट फिरवून केला."

तर अशा या माणसाच्या घरी एक पेच पडला. त्यांची एकुलती एक लेक नवऱ्याबरोबर जर्मनीत असते. तिला दिवस गेले आणि तिने आईवडील दोघांनाही बाळंतपणासाठी बोलावलं. पासपोर्ट झाले, व्हिसा झाले, तिकिटंही आली. आक्कांनी डिंकाच्या लाडवांचा डबा भरायला घेतला. आणि साडूभाऊंनी तळवा आडवा धरला. विमानात बसणार नाही!

भीती वाटते असं कबूल करणारा हा माणूस नव्हे. मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "साडूभाऊ, एकतीस वर्षं लोकांच्या डोक्यावरून लोड नेला, बराबर उतरवला. पण सवता कधी दुसऱ्याच्या हुकावर लटकलो न्हाई. आता मलाच लोड करून राह्यले तुम्ही सगळे." मग तोडगाही त्यांनीच काढला. "असं करा. विमान उडवायचा खेळ असतो म्हणे कॉम्प्युटरवर. तो लावून द्या. ते उचलायचं कसं आन् उतरवायचं कसं, माझ्या हातानं करून बघतो. एकदा, फक्त एकदा बराबर उतरलं, की बसतो. न्हाई उतरलं तर तुमची आक्का जाईल एकटी." तिकिटांना दोन महिने अवकाश होता.

मी नवीन जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत माल रवाना करायचं काम बघतो. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो एवढ्या भांडवलावर सासरवाडीत मी संगणकतज्ज्ञ ठरलेलो आहे, आणि इतक्या वर्षांनी तो गैरसमज दूर करायची माझीही इच्छा नाही. माझ्या लेकीचा कॉलेजातला लॅपटॉप कपाटातून काढला. त्याची दोन बटणं गळालेली होती आणि तो सुरू केला की तव्यासारखा तापायचा. नवं सिम्युलेटर त्यावर चढवायला गेलो तर लॅपटॉपने साफ सांगितलं की हे आपल्या ताकदीबाहेरचं आहे. मी ओशाळलो, पण साडूभाऊ खूश झाले. "इमानदार मशीन हाय. झेपत न्हाई तर झेपत न्हाई म्हणतंय. जितक्या टनाचं असंन तितकाच लोड द्यायचा." मग दहा-बारा वर्षांपूर्वीची जुनी आवृत्ती शोधून काढली, रॅम वाढवली, लॅपटॉपखाली स्टीलची परात आणि बाजूला टेबलफॅन ठेवला. तरी चित्र अडखळत होतं. मी एकेक गोष्ट कमी करत गेलो. सावल्या काढल्या, झाडं काढली. ढगांपाशी थांबून विचारलं, तर म्हणाले, "काढून टाका. शेडमध्ये कुठं ढग होते?" शेवटी खाली नुसती तपकिरी जमीन आणि वर नुसतं निळं आभाळ उरलं. जालना म्हणून त्यात चार खोकी होती. स्वतःची मिल सापडली नाही म्हणून साडूभाऊ अर्धा दिवस घुश्श्यात होते.

लॅपटॉपचा पडदा लहान, म्हणून टीव्हीला जोडायचं ठरलं. वायर लावली तर टीव्हीवर 'नो सिग्नल' अशी पाटी आली. मी वायर काढून परत लावायला धावलो, तर साडूभाऊंनी मला थांबवलं. सिग्नल नसताना हात लावायचा नाही! टीव्हीबद्दलचा त्यांचा आदर त्या दिवशी वाढला. चूक माझीच होती, रिमोटने टीव्हीचं इनपुट बदलायचं राहिलं होतं. चित्र आलं, पण आता साडूभाऊंची वेगळीच तक्रार. भिंतीवरच्या टीव्हीकडे मान वर करून कसं बघायचं? चालवणारा वर आणि काम खाली असतं. झालं, टीव्ही भिंतीवरून उतरला आणि गव्हाच्या पोत्याला टेकवून जमिनीवर ठेवला गेला. साडूभाऊ पलंगावर खुर्ची टाकून त्या खुर्चीत बसले. मांडीवर ट्रे, ट्रेवर ऑनलाइन मागवलेली जॉयस्टिक. आक्का पुढचे दोन महिने आपल्या मालिका विहिरीत डोकावल्यासारख्या बघत होत्या आणि चहा वर देत होत्या.

उड्डाण पहिल्याच दिवशी जमलं. संभाजीनगरच्या धावपट्टीवर विमान उभं, इंजिन घरघरतंय, आणि साडूभाऊ हलेनात. मला कळेना काय अडलं. मग त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीशेजारी जमिनीवर बसलो, हात वर केला, बोट फिरवलं. विमान असं अलगद उठलं की मी बघतच राहिलो. खरं तर जॉयस्टिक हलवल्यावर टीव्हीवरचं चित्र अर्ध्या सेकंदाने हलायचं. मी चालवून बघितलं तेव्हा विमान दारू प्यायल्यासारखं झुलत होतं. साडूभाऊंना त्याचं काहीच वाटलं नाही. "लोड मागनंच येत असतो. क्रेन थांबली तरी तो झोका घेतो. आधीच हिशोबात धरायचं." माझ्यातला तज्ज्ञ मात्र गप्प बसेना. टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरून मी गेम मोड शोधला आणि तो उशीर घालवला. त्यानंतरच्या पहिल्याच उड्डाणात साडूभाऊंनी विमान बदनापूरच्या शिवारात घातलं. "झोका कुठं गेला?" असं ते इतक्या जोरात ओरडले, की शेजारचे धावत आले. मला निमूटपणे तो उशीर परत आणून द्यावा लागला.

घोडं अडलं ते उतरण्यापाशी. मी हात खाली करून बोट फिरवायचो, विमान धावपट्टीवर यायचं, आणि अगदी ऐन वेळी साडूभाऊ वेग कमी करत करत शून्यावर आणायचे. क्रेनचा नियमच तो. आधी जागेवर आणून थांबवायचं, झोका जिरू द्यायचा, मग सरळ खाली घ्यायचं. विमान बिचारं हवेत थांबणार कसं? ते नाक खाली करून दगडासारखं पडायचं. मी समजावलं, व्हिडिओ दाखवले, कागदावर चित्रं काढली. त्यांना डोक्याने सगळं पटायचं, पण हात ऐकायचे नाहीत. एक महिना गेला, दीड महिना गेला. रोज संध्याकाळी साडेसहाला मी कामावरून परस्पर तिकडे जायचो आणि रोज आम्ही पडायचो.

प्रवासाला आठवडा उरला तेव्हा एके संध्याकाळी सलग पाच वेळा पडून झाल्यावर साडूभाऊंनी जॉयस्टिक बाजूला ठेवली आणि कधी नव्हे ते हळू आवाजात बोलले. "जे अधांतरी थांबत न्हाई, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा, साडूभाऊ? जाऊ द्या तिला एकटीला. लेकीला सांगा, बापाला जमलं न्हाई." या माणसाच्या तोंडून 'जमलं नाही' हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ऐकताना फार वाईट वाटलं.

आक्का भाकरी थापत होत्या. पिठाच्या हातानेच बाहेर आल्या. "मी बी जात न्हाई मंग. लेक तुमची बी हाय," असं म्हणाल्या आणि पलंगावरच्या नवऱ्याकडे मान वर करून जरा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आहो, मी धावड्याला चालत्या बैलगाडीतनं उतरायची. बा काय गाडी थांबवत व्हता का माझ्यासाठी? तोंड पुढं करायचं, पाय टेकले तरी चार पावलं गाडीसंगं पळायचं. उतरून जागीच थांबलं की तोंडावर पडतंय माणूस. तुम्ही खाली आल्यावर थांबा ना. वर कायला थांबता?"

साडूभाऊंनी परत जॉयस्टिक उचलली. मी इशाऱ्याच्या जागेवर बसायला निघालो तर आक्कांनी मला बाजूला सारलं. विमान वर गेलं, वळलं, धावपट्टी समोर आली. आक्कांनी पिठाचा हात खाली केला आणि बोट फिरवायला लागल्या, अगदी सावकाश, दळणाच्या लयीत. वेग होता, तो साडूभाऊंनी राहू दिला. त्यांचे ओठ हलत होते, "पळ, पळ, चार पावलं पळ." चाकं टेकली, विमान एकदा उडालं, परत टेकलं आणि पळत पळत जाऊन थांबलं. मग आक्कांनी तळवा आडवा धरला, कारण इंजिन बंद करायचं साडूभाऊ विसरले होते. मी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा कुठे आम्ही भानावर आलो.

निघायच्या दिवशी संभाजीनगरच्या विमानतळावर सामान उतरवताना साडूभाऊंनी मला बाजूला घेतलं. "एक काम करा. जालना रोडवर भिंतीपाशी थांबा. खालून कुणी हात वर केल्याशिवाय मी आजपस्तोर काही उचललेलं न्हाई." मी हसून हो म्हटलं. ते हसले नाहीत. म्हणून मग मी त्यांच्या गाडीमागोमाग आणलेली मोटारसायकल लावून रस्त्याकडेला उभा राहिलो. भिंतीपलीकडून आवाज वाढत आला तसा हात उंच केला आणि बोट फिरवू लागलो. रसवंतीवाल्याने विचारलं, "कोणाला बोलावता साहेब?" मी हात खाली घेतला नाही. विमान डोक्यावरून गेलं तरी माझं बोट फिरतच होतं.

मुंबईला उतरल्यावर त्यांचा फोन आला. "इशारा बराबर दिसला!" मागून आक्कांनी फोन ओढून घेतला. "काय दिसला! डोळे गच्च मिटून बसल्ते. गाडी उठल्यावर मला इचारलं, साडूंनी हात केला असंन ना? मी म्हन्लं, केला असंन. मंग उघडले डोळे."

याला आता अडीच महिने होत आले. नातू झाला. व्हिडिओ कॉलवर साडूभाऊंनी त्याचा चेहरा दाखवायच्या आधी टाळू दाखवली. "एकच भोवरा हाय. घाबरू नका." महिनाभरासाठी गेलेली माणसं लेकीने आग्रह करून ठेवून घेतली. घराची किल्ली माझ्याकडे आहे. रविवारी जाऊन कुंड्यांना पाणी घालतो. टीव्ही अजून पोत्याला टेकूनच आहे, भिंतीवर लावायला माझा हात धजत नाही. कधी लॅपटॉप परातीत ठेवून पलंगावरच्या खुर्चीत बसतो. विमान वर जातं, पण खाली बघावं तर इशारा द्यायला कुणीच नसतं. साडेसहा वाजले की मला अजूनही चुकल्यासारखं होतं.

परवा कॉलवर ते म्हणाले, "यायचं ठरलं की त्या भिंतीपाशीच या. उतरवायचा इशारा ध्यानात हाय ना?" मी लगेच फोनसमोर हात खाली सोडून बोट फिरवून दाखवलं. नातू त्यांच्या खांद्यावर झोपला होता. तो उठू नये म्हणून ते काही बोलले नाहीत. माझं बोट बघितलं, खांद्यावरच्या नातवाकडे बघितलं आणि मोकळ्या हाताचा तळवा हळूच आडवा धरला. इतक्यात उतरवायचं नव्हतं.