काकूंचं ‘येतो’

साप निघाला तर किंचाळण्याआधी काठी शोधणाऱ्या आमच्या शेजारच्या काकू एकाच गोष्टीला भ्यायच्या, न सांगता घराबाहेर पडण्याला. दिग्रसच्या बाजारातून पावशेर मिरच्या आणायच्या असल्या तरी आधी देव्हाऱ्याला, मग कुंपणावरून मला ‘येतो बरं’ व्हायचं. आमच्याकडे बायाही ‘येतो’च म्हणतात. ‘जातो’ हा शब्द काकूंच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

“तुहे काका त्या दिवशी रागात निघाले. येतो म्हणले नाही,” त्या सांगायच्या. काका कापसाच्या जिनिंगमधून सरकीचा ट्रक घेऊन पुसदकडे गेले आणि वाटेत ट्रक उलटला. भांडण साधं भाजीत मीठ जास्त झाल्याचं होतं.

पुढे घरात काकू आणि त्यांचा कुत्रा भुऱ्या, दोघंच. त्याचा निरोप म्हणजे मुलीची पाठवणीच! त्याचं तोंड हातांत धरून “येतो रे राजा”, मग दारातून वळून पुन्हा तेच. ते ऐकलं की भुऱ्या थरथरायला लागे. कडी लागली की रडारड, दारावर पंजे. एकदा काकू परतल्या तर दाराला रक्त होतं आणि त्याचं नख उपटलेलं. नंतर तर खिडकीची जाळी फाडून तो त्यांच्यामागे धावला, थेट एसटीच्या चाकाशी. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचला.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “निरोप घेऊच नका. चपला घाला, काढा. कडी लावा, लगेच उघडा. वेळ हळूहळू वाढवा. पण बोलायचं नाही.”

काकूंचा चेहरा उतरला. “न सांगता कशी निघू मी? मले काही झालं त?”

“अन् त्याले काही झालं त?” मी म्हटलं. 

दुसऱ्या दिवसापासून काकू कडी लावून बाहेर पायरीवर बसू लागल्या, पदर तोंडात कोंबून. आत भुऱ्या रडायचा, बाहेर काकू घामाघूम. एकदा सवयीनं ‘येतो’ निसटलं आणि सगळी मेहनत पाण्यात गेली. “आग लागो माह्या जिभेले,” म्हणत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. हळूहळू त्या बाजार करून येईपर्यंत भुऱ्या गप्प पडून राहू लागला. काकू मात्र रोज जीव मुठीत धरूनच जायच्या.

उन्हाळ्यात त्यांच्या छातीत दुखू लागलं. यवतमाळला न्यायला मी गाडी आणली. काकू चपला घालून उंबऱ्यात थांबल्या. भुऱ्या पोत्यावरून बघत होता. त्यांचे ओठ हलले. म्हणा हो काकू, एकदा म्हणा, असं मला ओरडावंसं वाटलं, इतका मी घाबरलो होतो. त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि बाहेर पडल्या.

गाडीत म्हणाल्या, “नाही म्हटलं मी. भेलं असतं लेकरू.”

काकू परतल्या नाहीत. भुऱ्या आता माझ्याकडे असतो. मी कामाला निघालो तर मानही वर करत नाही. संध्याकाळी काकूंच्या कुलूपबंद दारासमोर जाऊन निवांत बसतो. रडत नाही, दार ओरबाडत नाही. न सांगता गेलेलं माणूस परत येतं, हे त्याला काकूंनीच शिकवलंय.