लॉकचा चाकू आणि भावाचं बोट

घडी घालून खिशात ठेवायच्या चाकूचे दोन प्रकार असतात. एकाचं पातं नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर उघडं राहतं. उलट्या बाजूनं दाब आला की मिटतं. दुसऱ्याच्या मुठीच्या पाठीत लोखंडाची एक पट्टी असते आणि तिचं टोक पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत जाऊन बसतं. बसताना ‘कट्’ असा आवाज येतो. मग पातं मिटायचं तर पाठीवरची ती पट्टी अंगठ्यानं दाबावी लागते. आमच्याकडे याला लॉकचा चाकू म्हणतात. मी तो बरीच वर्षं वापरतो आहे. त्याचे गुण सांगू शकतो, दोषही सांगू शकतो. दोष जरा सविस्तर सांगेन, कारण त्यातला एक मला माहीत होता आणि मी तो माझ्या धाकट्या भावाला सांगितला नाही. पण तेवढंच सांगून थांबलो, तर तेही अर्धवटच होईल.

आमचं शेत कर्नाटकातल्या अफजलपूर तालुक्यात, भीमेपासून फार लांब नाही. ऊस आहे. वाटणी झाली तेव्हा मधून बांध घातला आणि जमिनीचे दोन भाग झाले. बोअर मात्र एकच. त्याला कसा बांध घालणार? आधी माझं रान भिजतं, मग मोठा पाइप पुढे त्याच्या रानात जातो. या पाण्याच्या पाळीवरूनच आमचं बोलणं बंद झालं. भांडण म्हणावं असं काही घडलं नव्हतं. मोटरला लागणारी थ्री फेज वीज किती वेळ होती आणि मी मोटर किती वेळ चालवली, यावर त्याचा विश्वास नव्हता. मी नसताना तो व्हॉल्व्ह फिरवतो, असं मला वाटायचं. डोळ्यांनी दोघांनीही काही पाहिलं नव्हतं.

बोलणं चालू होतं तेव्हाची गोष्ट. सोलापूरहून मी दोन चाकू आणले, अगदी एकसारखे, आणि एक त्याला दिला. धारेची वस्तू आमच्यात हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. म्हणून बांधावर ठेवला आणि त्यानं उचलला. उघडून तो ‘कट्’ ऐकला आणि हसला.

“अण्णा, ह्यो तर मारामारीचा चाकू हाय की. पोलीस धरतील.”

“धरलं तर माझं नाव सांग.”

“तुझं नाव सांगितलं तर सोडायचेच न्हाईत मग.”

त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. निवडणुकीच्या दिवसांत सोलापूरच्या रस्त्यावर नाका लागतो. तिथं एकदा माझा खिसा तपासला. हवालदारानं कन्नडात विचारलं, शेतकऱ्याला लॉक कशाला पाहिजे? मी ड्रिपच्या नळीचं सांगितलं, खताच्या पोत्याचं सांगितलं. तो चाकू उघडत होता, मिटत होता, पुन्हा उघडत होता. त्याला चाकू आवडला होता, मी आवडलो नव्हतो. शेवटी माझे हात उलटेपालटे करून बघितले, उसाच्या पात्यानं ओरखडलेले, आणि दिला परत. तेव्हा हा पहिला दोष: असा चाकू बाळगणाऱ्याकडे लोक आधी संशयानं बघतात.

गुण असे. खिशात मांडीला टोचत नाही. वेगळं म्यान लागत नाही. पोत्याची सुतळी कापा, मोटरच्या वायरवरचं रबर सोला, जोर लावला तरी पातं बोटांवर येत नाही. नळी कापताना तर हा गुण फार मोठा वाटतो, कारण नळी मऊ असते, पातं तिच्यात रुतून बसतं आणि सोडवायला ते उलटं दाबावं लागतं. साधा घडीचा चाकू तिथं हमखास मिटतो.

दोष वापरल्याशिवाय कळत नाहीत. मिटायला दोन्ही हात लागतात, आणि मिटताना नजर दुसरीकडे गेली की अंगठा मध्ये सापडतो. मुठीची पाठ तळहातात फार करकचून आवळली, तर पट्टी आपोआप दाबली जाते. सगळ्यात वाईट म्हणजे ती खाच. उसाचा चिकट रस आणि माती तिच्यात जाऊन वाळतात. मग पट्टी पूर्ण खाली बसत नाही, अर्धीच बसते. आवाज मात्र ‘कट्’ असाच येतो. कानाला काही कळत नाही. मी बाभळीच्या काट्यानं खाच कोरून काढायचो, तेलाचा थेंब सोडायचो, आणि पातं झाडाच्या खोडावर उलटं दाबून बघायचो, मिटतंय का. माझा चाकू असा एकदा मिटलाही होता. बोट वाचलं.

तेव्हा भाऊ बांधापलीकडेच होता. त्याच्याकडेही तोच चाकू, त्याच्याही हाताला तोच रस. एक हाक मारायची होती. पण बोलणं बंद होऊन थोडेच दिवस झाले होते, आणि मला वाटलं, आपण आधी बोललो तर तो म्हणेल, ह्याला आता पाळी वाढवून पाहिजे. मी हाक मारली नाही.

पुढचा उन्हाळा. सकाळी रानात गेलो तर माझ्या उसात पाणी साचलं होतं. ड्रिपच्या नळ्या जागोजागी कापलेल्या. उंदरानं कुरतडलेली नळी मला ओळखू येते. तिची कड दातेरी असते. हे काप सरळ होते, स्वच्छ. एका नळीच्या तोंडाशी रक्त होतं, अजून पुरतं वाळलेलं नव्हतं. मी व्हॉल्व्ह बंद केला आणि तसाच चिखलाच्या पायानं स्टँडवर आलो. तिथं भाऊ सोलापूरच्या बसची वाट बघत उभा होता, हाताला टॉवेल गुंडाळून. टॉवेल लाल झाला होता. इतक्या दिवसांनी मी त्याच्याशी पहिलं वाक्य बोललो, ते हे:

“काय कापायलतास तू?”

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, “तुला म्हायत न्हाई व्हय?” आणि बस आली, तो चढला.

त्या वाक्याचे दोन अर्थ होतात, हे मला आज कळतं. त्या दिवशी एकच कळला, कबुलीचा.

मी तिथल्या तिथं चहाच्या हॉटेलात गेलो आणि सांगितलं. चार-पाच जण होते. मी आवाज चढवला नाही. मी तसा कमी बोलणारा, म्हणून माझं लोकांना खरं वाटतं. नळ्या कापल्यात, रक्त आहे, आणि तो हात बांधून सोलापूरला गेलाय, एवढंच बोललो. बाकीचं त्यांनी जोडलं. हॉटेलवाला म्हणाला, “भावाचं पाणी कापायला गेला अन् सोताचं बोट कापून आला!” सगळे हसले. मीही हसलो. संध्याकाळपर्यंत हे वाक्य गावभर झालं होतं. सोलापुरात त्याच्या बोटाची शीर तुटल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, टाके घातले. ते बोट अजून नीट वाकत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नळ्या जोडायला बसलो. जोडायचं असं असतं: नळी जिथं फुटली तिथं दोन्ही टोकं छाटून सरळ करायची, मगच जॉइनर बसतो. दातेरी कडेवर तो बसत नाही, पाणी गळत राहतं. मी छाटायला गेलो तर छाटायला काही नव्हतंच. टोकं आधीच सरळ होती. मी पाचट बाजूला केलं. खाली नळीचे बोटबोटभर तुकडे पडलेले. एका टोकाला सरळ काप, दुसऱ्या टोकाला उंदराचे दात. आणि सरीच्या सुरुवातीला एक नळी जोडलेलीसुद्धा होती. तो जॉइनर मी वापरतो त्यापेक्षा आखूड होता. माझा नव्हता.

म्हणजे नळ्या उंदरांनी कुरतडल्या होत्या. पहाटे थ्री फेज आली, पाणी माझ्याच रानात फुटलं, पुढे त्याच्या रानात जोर राहिला नाही. तो बघायला आला. मला हाक मारण्याऐवजी स्वतःच छाटायला, जोडायला बसला. एका नळीत पातं रुतलं, त्यानं ते उलटं दाबलं, आणि अर्धी बसलेली पट्टी सुटली.

मी ते तुकडे गोळा केले आणि बांधाच्या कडेला मातीत दाबून टाकले. कामून? मी स्वतःला तेव्हा सांगितलं की, तो काही माझ्यासाठी आला नव्हता, त्याच्या पाण्यासाठी आला होता. हे खरंही असेल. पण नळ्या कापायला आला नव्हता एवढं तर मला नक्की कळलं होतं, आणि हॉटेलात जाऊन ते सांगायला मला तितकाच वेळ लागला असता, जितका आदल्या दिवशी लागला होता. मी गेलो नाही. दिवस गेले, मग ते सांगणं आणखी अवघड झालं. घरी बायकोलाही बोललो नाही. ती म्हणाली, “भाऊजी असं करतील असं वाटत न्हाई,” तर तिच्यावरच डाफरलो.

तोवर त्याच्या नावाला ते चिकटलं होतं. कुणाच्याही रानात नळी फुटली की आधी त्याच्याकडे बघायचे. कुणी टिकाव द्यायला टाळाटाळ करायचं. आमच्या शेजारचे अप्पा मुलाकडे सोलापूरला राहतात आणि त्यांचं रान बटईनं, वाट्यानं कसायला देतात. यंदा त्यांनी भावाला शब्द दिला होता. केळी लावायचा बेत होता त्याचा, रोपं सांगून ठेवली होती. अप्पांनी शब्द मागं घेतला. त्या रानावर त्याचं पुढचं सगळं अवलंबून होतं. ते गावाला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

मग अप्पा माझ्याकडे आले. हॉटेलातच, सगळ्यांदेखत म्हणाले, “तू घे रान. तू सरळ माणूस.”

मी चहा खाली ठेवला. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते ‘हो’च होतं; तेही लिहून टाकतो. पण तोंडातून निघालं, “अप्पा, नळ्या त्यानं कापल्या न्हाईत. उंदरानं खाल्लत्या. तो जोडायलता.”

हॉटेलवाल्यानं गाळणी तशीच हातात धरली. “हे कवा कळलं तुला?”

“दुसऱ्याच दिवशी.”

अप्पा म्हणाले, “मग येवढे दिवस कामून गप बसलास?”

मी तुकड्यांचं सांगितलं, आखूड जॉइनरचं सांगितलं, चाकूच्या खाचेचंही सांगितलं. कुणी हसलं नाही. कोपऱ्यातून एक जण म्हणाला, “आता भाऊ-भाऊ एक झालेत बघा. रान घरातच राहू द्या म्हणून हे नवं काढलंय.” अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मान हलवली आणि उठले. “मला तुमच्यात पडायचंच न्हाई बाबा,” म्हणाले. रान त्यांनी तिसऱ्यालाच दिलं.

मी भावाच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसून डाव्या हातानं जेवण उरकत होता, उजव्या हाताचं ते बोट सरळ बाहेर काढलेलं. हॉटेलातली गोष्ट त्याच्या कानावर आधीच आली होती. मी सगळं पुन्हा सांगितलं, चाकूचा दोष माहीत होता तेही. भावजय दारात उभी होती. ती आत गेली.

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाला, “काय पाहिजे तुला, अण्णा?”

“काय न्हाई पाहिजे.”

“बोअर पाहिजे का? सांग. सही करून देतो.”

“न्हाई रे.”

“मग? माणूस उगी येत न्हाई.” त्यानं ताट सरकवलं. “अप्पा तुला रान देत हुते तवाच बरं तुला आठवलं. अन् आता रान दोघांनाबी न्हाई.”

मी म्हटलं, पाण्याची पहिली पाळी तू घे. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुन्हा नाक्यावरच्या हवालदारासमोर उभा आहे. म्हणाला, “हे घरात नको सांगू. तिथंच सांग जिथं पयलं सांगितलतंस.” मी दुसऱ्या दिवशी हॉटेलात जाऊन सांगितलं की पहिली पाळी आता त्याची. तो बाकावर बसून ऐकत होता. झालं, तसा उठून गेला.

आता पहिली पाळी त्याची असते. तो माझ्याशी बोलतो, लागेल तेवढं. तो त्या नळ्या माझ्यासाठी जोडत होता की त्याच्या पाण्यासाठी, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. तो काहीही म्हणाला तरी मी त्यावर विचार करत बसेन, हे मला माहीत आहे.

परवा माझ्या रानात पुन्हा नळ्या फुटल्या. पाणी वाहत बांधापर्यंत आलं होतं. त्यानं मला फोन केला, “अण्णा, तुझ्याकडं फुटलंय. ये.” मी पोचलो तेव्हा तो बांधावर उभा होता, माझ्या बाजूला पाऊल न टाकता. हातात मोबाइल होता. तो फुटलेल्या नळ्यांचे फोटो काढत होता.

“मी यायच्या आधीच असं हुतं,” म्हणाला, आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. “बघून घे.”

मी बघून घेतलं.