मायची पांढरी साडी

माझी माय दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायची आणि पहिल्या रांगेत बसायची. त्या वर्षी मात्र ती गडद जांभळी साडी नेसून मागं, भिंतीला टेकून बसायला लागली. हिमायतनगर तालुक्यातल्या आमच्या गावी मी सुट्टीत गेले की तिला चिडवायची, म्हातारपणी रंगाची हौस आली का म्हणून. ती नुसती हसायची. मी नांदेडला शाळेत बाई, लोकांच्या पोरींना आरोग्याचे धडे शिकवणारी. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली माझी माय रक्ताचे डाग लपवून राहिलीय, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही.

कळलं तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर बराच वाढला होता. ऑपरेशन जमणार नाही, शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावे लागतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शेकानं अशा बाया बऱ्या होतात, हेही म्हणाल्या. आधी पाच आठवडे बाहेरून, मग तीन शेक आतून. मला बाजूला घेऊन त्यांनी बजावलं, "आतले चुकवू नका. रक्त आधीच थांबेल. रक्त थांबलं म्हणजे रोग गेला, असं नसतं."

हे मला सांगितलं होतं. मायला नाही, मला.

मी तिला नांदेडला माझ्याकडं आणलं. सकाळची शाळा सुटली की रिक्षानं हॉस्पिटलात न्यायची. शेकाआधी भरपूर पाणी पिऊन, लघवी दाबून तिथल्या बाकावर बसावं लागायचं. तिला ते लई जड जायचं. एकदा नंबर यायच्या आतच ती उठून मोरीकडं गेली, तर मी चारचौघींत तिला वाट्टेल ते बोलले. त्याची आजही लाज वाटते.

तिसऱ्या आठवड्यात रक्त थांबलं. तिनं गावाकडून पांढरी साडी मागवली, नीळ घालून धुतली, माझ्या गॅलरीत वाळत घातली. बाहेरचे शेक संपले तेव्हा वैशाखी पौर्णिमा चार दिवसांवर होती. दोन दिवस गावाला नेऊन आण, आता मला काय बी होत न्हाई, असा तिनं धोशा लावला. मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही जायचं होतं. त्या बाकाला, त्या वासाला मी विटले होते.

पौर्णिमेला ती पहिल्या रांगेत बसली. पंचशील म्हणताना तिचा आवाज सगळ्यांच्या वर. कशी टवटवीत झालीस गं, असं बाया म्हणत होत्या. मी तिच्या शेजारी होते आणि इतकी खूश होते की विचारू नका.

दोन दिवसांचे दहा झाले. आतला शेक देताना पाय बांधतात, असं कुणीतरी तिच्या कानात भरवलं आणि ती अडूनच बसली. मी भांडले, पण तुटेपर्यंत भांडले नाही. एरवी भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालणारी मी. हॉस्पिटलातून फोन आला की येतो, येतो म्हणायची. सुट्टी संपली की नेऊ, असं स्वतःलाच सांगत राहिले. शाळा सुरू झाली, तरी नेलं नाही.

जुलैत परत रक्त दिसलं तेव्हा धावत गेलो. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रोग बाजूला पसरलाय, आतल्या शेकाच्या आवाक्यात राहिला नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन माय त्याच बाकावर बसली. तिनं विचारलं, "तवाच आलो असतो तर वाचले असते का गं मी?"

"नाही माय," मी म्हणाले. "तेव्हाही हेच झालं असतं."

तिचा जीव भांड्यात पडला. "मंग तुझा काय दोष न्हाई बाई," ती म्हणाली आणि माझा हात धरून उठली.

दिवाळीच्या आधी ती गेली. तीच साडी तिला नेसवली.

आता पौर्णिमेला विहारात मी तिच्या जागी बसते. पहिली तीन शीलं सगळ्यांबरोबर म्हणते. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. बाकीचे म्हणून होईपर्यंत थांबते आणि पाचव्यापासून परत म्हणायला लागते.