अंड्यांच्या खोक्यातलं विळ्याचं पातं

जरा जवळ ये गं, कागदातनं का होईना. हिंडलग्याहून निपाणीला यायला तुला सवड न्हाय, आणि फोनवर विचारतीस, मावशी, अंडी उबवायच्या खोक्यात ऊब सगळीकडं सारखी कशी ठेवायची. असलं फोनवर सांगून कळतंय व्हय? फोनला वास येत न्हाय, आणि माझी सगळी कथा वासाचीच आहे.

आमची काबरी कोंबडी तुला आठवत असंल. लग्नानंतर मी माहेरनं पिशवीत घालून एक तलंग, कोवळी कोंबडी, आणली होती, तिच्यापासनं चालत आलेला तो वंश. औंदा काबरी खुडूक बसली, अंडी अंगाखाली घेतली, आणि मुंगसानं तिला परसात फाडलं. अख्ख्या गल्लीत दुसरी खुडूक कोंबडी मिळेना. सगळे दुकानातली पांढरी अंडी खाणारे, कोंबडी बसणार कुठनं? ही अंडी वाया गेली की माहेरचा वंश संपला, एवढंच माझ्या डोक्यात.

मालकांनी मोबाईलवर बघून खोकं करायला घेतलं. खोकं कसलं, मासळीवाल्याकडनं मागून आणलेली थर्माकोलची पेटी. मी ती राखेनं घासली, चिंचेनं घासली, उन्हात पालथी घातली. पण आत बल्ब पेटला की मेलेली सुरमई पुन्हा जिवंत व्हायची. शी! स्वयंपाकघरात बसून भाकरी गिळवत न्हवती.

त्यात ऊब एका जागी थांबंल तर शपथ. बल्बाखालचं अंडं पोळायचं आणि पलीकडच्या कोपऱ्यातलं गारढोण. मी एकेक अंडं पापणीला लावून बघायची; पापणीला जे कळतं ते थर्मामीटरला कळत न्हाय. मग मालकांनी जुन्या कॉम्प्युटरातला पंखा बसवला, वाटीत पाणी ठेवलं, भोकं पाडली. बल्ब आपोआप चालू-बंद करणारी वायर अंड्यांच्या मधोमध, अंड्याच्याच उंचीला लोंबती सोडली. उबेचा आकडा साडेसदतीसला थांबला आणि सगळी अंडी पापणीला सारखी लागली. मालक म्हणाले, कोंबडीला पंखा लागत न्हवता. मी म्हटलं, कोंबडीला मासळीचा वास पण मारत न्हवता.

तेवढ्यात बेळगावात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मालक माझ्यासंगं आले, आणि खोकं सांभाळायला संकेश्वरहून माझी मोठी जाऊ आली. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. अंडी फिरवायची, पाणी घालायचं, बाकी कशाला हात लावायचा न्हाय, असं दहांदा सांगून गेले. आक्का दर खेपेला व्हय म्हणाल्या.

परत आलो तर उंबऱ्यातच वासानं गाठलं. मासळीचा वास त्यापुढं अत्तर. खोक्यावर वाकळ पांघरलेली. आकडा बघितला तर बरोबर, साडेसदतीस. झाकण उचललं आणि मालक तोंड दाबून परसात पळाले. कोपऱ्यातलं एक अंडं फुटलं होतं. हिरवट-काळं पाणी सगळीकडं ओघळलेलं, बाकीच्या अंड्यांना घाम फुटलेला, वर चिलटं. इकडं कानडीत अंड्याला तत्ती म्हणतात. हिंदीवाल्यांना त्यात टट्टी ऐकू येते, ते का हसतात ते मला त्या दिवशी कळलं. अजून उकडलेलं अंडं मी ताटात घेत न्हाय.

पंखा बंद होता. आणि बल्बाखाली, त्या लोंबत्या वायरीला टेकून, मोडक्या विळ्याचं पातं उभं केलेलं.

"आक्का, ह्ये काय?"

"बाळंतिणीच्या खोलीत पंखा लावत्यात व्हय गं? आणि उशाला लोखंड नको? रोज वळवाचं गडगडतंय, अंडी दचकली म्हंजे?"

लोखंड बल्बानं तापायचं, वायर लोखंडाला टेकलेली, की बल्ब बंद. खोक्याला वाटायचं, झाली सगळीकडं ऊब. ऊब नुसती पात्याजवळ, बाकी अंडी गारठून, मरून, कुजून गेली. मी नाकाला पदर बांधून एकेक बाहेर काढायला लागले. पात्याला चिकटून दोन अंडी होती. तीही टाकणार, तर एकातनं बारीक टकटक आली. कानाला लावलं. दुसऱ्यातनंही आली.

दोन पिल्लं निघाली गं. एक तर आईसारखं काबरं.

आणि आक्का? त्या घाणीत उभ्या राहून म्हणतात, "बगितलंस? माझ्या लोखंडानंच वाचली. त्यातलं एक माझं."

मला त्या सडक्या अंड्यांची जेवढी आली न्हवती तेवढी किळस त्या बोलण्याची आली. आणि त्यातलं वाईट काय सांगू, बोलणं खोटं न्हवतं. पात्याजवळचीच वाचली.

तर तू करशील तेव्हा पंखा बंद करायचा न्हाय, वायर कशाला टेकू द्यायची न्हाय, आणि खोकं मासळीवाल्याचं आणायचं न्हाय. एवढंच शिकले मी.

आता आक्का त्यांचं पिल्लू न्यायला येणार म्हणतात. दोन्हींतली तलंग कुठली आणि कोंबडा कुठला ते अजून कळत न्हाय. त्यांनी नेमकी तलंग उचलली तर माझ्या माहेरचं काय राहिलं? तुझी नजर चांगली आहे, माझा एक डोळा अजून धुरकट. आक्कांच्या आधी तू ये, बघून सांग. जेवायला पिठलं-भाकरी करीन, अंडं मागू नको. येत्या रविवारचीच गाडी धर गं.