दोन श्रावणांमधली कोळंबी

मामीची कोळंबी दिल्लीला विकायची आणि ती श्रावण लागायच्या आत, एवढाच बेत होता. मामीचं रत्नागिरीत मासे गोठवायचं छोटं युनिट आहे. सगळा माल एका एक्स्पोर्टवाल्याला जायचा, त्याने यंदा हात आखडला. नवं गिऱ्हाईक मिळालं नाही तर युनिटला कुलूप. मी कॉलेजला रामराम ठोकून भटकणारी, म्हणून नमुन्याची पेटी उचलायला मी.

राजधानी रत्नागिरीहून थेट निजामुद्दीनला जाते, पण तिकीट आधीच काढा. सीटखाली सुक्या बर्फाची थर्माकोलची पेटी. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा मामी तिला सारखा हात लावून बघत होती.

पहिला दिवस प्रगती मैदानावरच्या प्रदर्शनात गेला. अख्खं जग फ्रीजरमध्ये! नॉर्वेचा सामन, व्हिएतनामचा बासा. आपली कोळंबी सोलून अमेरिकेला, पट्टीसारखा बळा मासा चीनला, राणी मासा लगदा होऊन जपानला. मी फुकटचे तुकडे चाखत भरकटले. मामी म्हणाली, "सगळ्या जगाला घाला, दिल्लीनेच काय घोडं मारलंय?"

दुसऱ्या दिवशी धौला कुआँहून गुडगावची बस. नव्या मेट्रोचे नुसते खांब, मधे काचेच्या इमारती आणि रस्त्याने गंगाजळ आणणाऱ्या कावडियांची भगवी रांग. बस अडकली, मी उतरून छोले-कुलचे खाल्ले (लिंबू जास्त मागा). कुलचेवाला म्हणाला, सावन चालू है ना.

मी बोटांवर तिथी मोजल्या. यांचा महिना पौर्णिमेला बदलतो, आपला अमावास्येनंतर; म्हणजे यांचा श्रावण पंधरा दिवस आधीच लागलेला. आम्ही घरचं कॅलेंडर बघून निघालो होतो!

मॉलखाली खन्नाजींचं गोठवलेल्या मालाचं दुकान, मामीने प्रदर्शनात पत्ता मिळवलेलं. फ्रीजरभर पनीर-मटार. बासा तळाशी, वर वर्तमानपत्र. खन्नाजींनी चहा पाजला, पण कोळंबी चाखायलाही तयार नव्हते. "बहनजी, सावन में मच्छी कौन लेगा? राखी के बाद देखेंगे."

मी पेटी उचलली. मामी हलेना. तिने चहा संपवला आणि आपल्या हिंदीत म्हणाली, "राखी को तुम्हारा सावन खतम. हमारा तब आधा बाकी. पंधरा दिन उधर आधे लोग मच्छी नहीं पूछते, इधर सब भूखे. वो माल तुमको."

खन्नाजींनी कप खाली ठेवला. मग त्यांनी स्वतः पनीर बाजूला सारून पाकिटांना जागा केली. मामीने बजावलं, "राखी की शाम को तलना. अच्छा नहीं लगा तो फोन मत करना."

घरी आलो आणि आपला श्रावण लागला. राखीला मामीकडे अळूचं फदफदं होतं. फोन मीच उचलला. मागे तेलाचा चर्र आवाज, खन्नाजींचं तोंड भरलेलं. "बेटा, गाडी कब निकलेगी?"

मी बरंच फिरलेय, पण मामी अळूने माखलेला हात तसाच वर धरून युनिटकडे पळाली, ते मात्र कुठे पाहिलं नव्हतं. कुलूप लागलं, पण युनिटला नाही, गाडीच्या दाराला. दिल्लीच्या गाडीच्या.