काकणाचं झाड आम्ही तोडलं

बाबी तांडेलावर अन्याय झाला. फेब्रुवारी १९६१, पहिला मंगळवार, दुपारी तीन वाजता. तो तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, आणि तेव्हा समुद्रात होता. त्याला कुणी विचारलं नाही. अन्याय करणाऱ्यांत मी होतो. लान्स नायक, वय चोवीस. पहिली कुऱ्हाड माझ्याच हातात होती.

आमचा सेक्शन रेडीच्या उत्तरेला एका डोंगरीवर होता. गोव्यात पोर्तुगीज होते आणि आम्हाला समुद्रावर नजर ठेवायची होती. पहाटे पाचला स्टँड-टू, म्हणजे बंदुका घेऊन मोर्चावर सज्ज, सातला चहा, मग दुर्बीण आणि नोंदवही. मी मालवणचा, त्यामुळे गावाशी बोलणं माझ्याकडे असे.

डोंगरीवर एक जुना रायवळ आंबा होता. त्यावर काकणाचं घरटं, गाडीच्या चाकाएवढं. काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. खालच्या खडकांतून होडी आत आणायची तर हे झाडच खूण. उजेडात शेंडा बघायचा, धुक्यात काकणाचा आवाज ऐकायचा आणि सुकाणू त्यावर धरायचं. बाबीच्या आज्यानेही हेच केलं होतं.

मंगळवारी दुपारी होडी लोटताना बाबी मला म्हणाला, "काय रे शिपाया, बंदुकेन बांगडे मारतंस काय?"

मी म्हटलं, "तू होकायंत्र घे आधी."

"माका कित्याक? माझो काकण आसा मरे थंय!"

होडी गेली आणि अर्ध्या तासात वायरलेसवर हुकूम आला. आंब्यामुळे दक्षिणेचा किनारा दिसत नाही, झाड पाडा, सतरा-शून्य-शून्यच्या आत रिपोर्ट द्या.

मी हवालदारसाहेबांना म्हटलं, "साहेब, ही होड्यांची खूण आहे."

"नकाशावर आहे?"

"नाही, साहेब."

"मग नाही."

मी दुसऱ्यांदा बोललो नाही. हा माझा गुन्हा. झाड पावणेपाचला पडलं. घरट्यात एक पिल्लू होतं. ते मीच पुरलं. जोडी ओरडत घिरट्या घालत राहिली आणि शेवटी दक्षिणेच्या कड्यावर जाऊन बसली. त्या कड्याखाली नुसते खडक आहेत.

बुधवारी सकाळी दाट धुकं होतं. सात वीसला खालून आरडाओरड ऐकू आली. आम्ही धावलो. होडी कड्याखाली फुटली होती. शिपाई मारुती जाधव साताऱ्याकडचा, कृष्णेत पोहायला शिकलेला. त्याने कमरेला दोर बांधला आणि हुकमाची वाट न बघता उडी घेतली. दोन खलाशी त्याने आणले. तिसऱ्या खेपेला तो बाबीसाठी गेला. आम्ही दोर ओढला तेव्हा तो रिकामा आला.

वाचलेला एक खलाशी सांगत होता, "काकण आरडलो म्हणान तांडेलान सुकाणू फिरयल्यान. काकण खोटा बोलात कसो?"

हवालदारसाहेबांनी सेट हातात घेतला. "हॅलो वन, फोर बोलतोय. गावची एक होडी फुटली. तांडेल आणि आपला एक जवान बेपत्ता. ओव्हर."

"वन. कारण कळवा. ओव्हर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "धुकं. ओव्हर."

कागदावर आजही धुकंच आहे.

पुढे मी लडाखला होतो, राजस्थानात होतो, आसामात होतो. आसामच्या उंच गवतात आमचा वाटाड्या गेंड्यांच्या मळलेल्या वाटेनेच चालायचा. लडाखच्या पठारावर क्यांग, म्हणजे रानगाढवं, कुठे चरतात ते बघून तिथले लोक पाण्याचा अंदाज बांधायचे. वाळवंटातला मेंढपाळ चिंकाऱ्याच्या खुरांवरून मुलूख वाचायचा. बर्फ वेगळा, गवत वेगळं, वाळू वेगळी. प्रत्येकाचं जनावर वेगळं आणि त्या जनावरावर जगणारी माणसं वेगळी. आमच्या नकाशांत टेकडीची उंची फुटांत होती. यातलं काहीच नव्हतं. आणि नकाशात नाही ते तोडायला आपल्याला परवानगी लागत नाही!

मारुती जाधवचं नाव पलटणीच्या फळ्यावर आहे. बाबी तांडेलाचं कुठेच नाही. दोघांनाही समुद्राने परत दिलं नाही.

आता देवगडच्या वाटेवर रस्ता रुंद करायचा म्हणून तीन झाडांवर डांबराचे पट्टे मारलेत. मधल्या झाडावर काकणाचं घरटं आहे. खालच्या वाडीतल्या एकाही तांडेलाला विचारलेलं नाही. सोमवारी सकाळी सातला तोडणारे येणार आहेत. तुम्ही सहाला या. झाडाला पाठ लावून उभे राहा आणि तांडेल येऊन बोलेपर्यंत हलू नका.