काकडीला सुटलेलं पाणी

नोकरीसाठी परगावी गेलेली लेक फोनवर आईला कोशिंबीर कशी करायची ते विचारत होती. बोलणं लांबलं, आणि इकडे मी मीठ घालून ठेवलेल्या काकडीला भरपूर पाणी सुटलं.

"अहो, मीठ आयत्या वेळी घालायचं ना!" बायको म्हणाली.

शाळेत मी जन्मभर हेच शिकवलं. पेशीभोवतीचं पातळ आवरण मिठाला सहजी आत घेत नाही, पण मिठाच्या ओढीने निघालेल्या पाण्याला अडवतही नाही.

मी ते पाणी ओतून देणार, तेवढ्यात तिने ते ताकात घातलं. "प्या. लेकीलाही हेच सांगितलंय. तिच्या मैत्रिणींना आवडेल."

पाणी बाहेर जातं, इथवरच माझा धडा होता. लेकीच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत मी ताकाचा दुसरा पेला मागितला.